जलसेतूवरील अनधिकृत नळजोडणी

सुरुवातीलाच नमूद करतो की जलसेतूला पंप नसतो. हे विधान मी इतक्या वेळा केले आहे की झोपेतही त्याचा उच्चार करतो, अशी माझ्या पत्नीची लेखी नसलेली, म्हणून मला अमान्य असलेली तक्रार आहे. तरीही दर रविवारी कोणी ना कोणी गृहस्थ कमानींच्या मागे वाकून पाहतात आणि मोटर कुठे लपवली आहे, असे विचारतात. ज्याने आपले सारे उमेदीचे आयुष्य पंप तयार करण्यात घालवले, आधी पुण्याच्या कारखान्यात आणि नंतर नागोयात, त्याच माणसाला निवृत्तीनंतर बिनपंपाच्या यंत्रणेची राखण करावी लागावी, हा योगायोग मला स्वतःलाही अजून पुरता पचलेला नाही.

नागोयापासून तासाभराच्या अंतरावर, रेल्वेची एक शाखा जिथे डोंगराला टेकून संपते, तिथे नगरपालिकेचे एक जल-उद्यान आहे. त्यात प्राचीन रोमच्या जलसेतूची चालती प्रतिकृती आहे आणि मी तिचा रक्षक आहे. हुद्दा किरकोळ, गणवेश निळा, करार एका वर्षाचा. दर मार्चमध्ये तो नव्याने करायचा असतो. ज्या प्रकरणाविषयी मी लिहिणार आहे, त्यात हा करार पणाला लागला होता आणि मला सुरुवातीला ठाऊक नव्हते अशा रीतीने आणखी एका माणसाची नोकरीही.

प्रकरणात शिरण्यापूर्वी वाचकांना यंत्रणा समजणे आवश्यक आहे. जलसेतू म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर उंच कमानी येतात. वास्तविक रोमकडे येणारे बहुतेक पाणी जमिनीखालच्या दगडी पाटातून येई. कमानी फक्त जिथे दरी किंवा सखल भाग आडवा आला तिथे. सगळी करामत उताराची. किलोमीटरभर अंतरात कुठे कुठे हातभरसुद्धा उतार नसे. उतार जास्त दिला तर पाणी पाटाचा तळ खरवडते, कमी दिला तर गाळ बसतो. वाटेत पाण्याला क्षणभर विसावा देणाऱ्या टाक्या असत, त्यांत गाळ खाली राही. आणि शहराच्या वेशीवर वाटपाची टाकी.

ही टाकी म्हणजे माझ्या मते मानवी बुद्धीने घडवलेले सर्वांत सुंदर कलम. तिला तीन तोंडे, वेगवेगळ्या उंचीवर. सर्वांत खालचे सार्वजनिक कारंज्यांना, मधले स्नानगृहांना, सर्वांत वरचे खाजगी घरांना. पाणी मुबलक असेल तेव्हा तिघांनाही मिळते. पाणी घटले, टाकीतील पातळी उतरली, की पहिल्यांदा श्रीमंताचे कारंजे कोरडे पडते, मग स्नानगृह, आणि रस्त्यावरच्या माणसाची घागर अगदी शेवटी. यासाठी अधिकारी लागत नाही, सभा लागत नाही, शिफारसपत्र चालत नाही. प्रत्यक्ष रोममध्ये ही व्यवस्था सर्वत्र होती काय, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. आमच्या उद्यानात मात्र ती आहे आणि तिची अंमलबजावणी माझ्याकडे आहे.

शिवाय तिथला पाण्याचा हक्क माणसाला मिळे, घराला नव्हे. घर विकले की हक्क संपला. नव्या मालकाने नव्याने अर्ज करावा. किती पाणी घ्यायचे ते ठरवणारी पितळी तोटी सरकारी शिक्क्याची असे. आणि अर्थातच चोऱ्याही होत. रस्त्याखालून नळाला भोक पाडून पाणी वळवणारे होते आणि पाणीखात्यातील त्यांचे मित्रही होते. हा भाग मी पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना सांगू लागलो की ते स्वदेशी परतल्यासारखे प्रसन्न होतात.

आमच्या प्रतिकृतीला पाणी डोंगरावरच्या ओढ्याचे. पाट माझ्या छातीइतक्या उंच कमानींवरून टाकीत येतो. टाकीखाली छोटे रोम: कारंजे, स्नानगृह, आणि एक संगमरवरी भासणारा श्रीमंताचा वाडा, ज्याच्या अंगणात इवलेसे खाजगी कारंजे नाचते. हा वाडा एका प्रायोजकाने दिला. ही स्थानिक कंपनी लाल मिसो बनवते; मिसो म्हणजे सोयाबीन आंबवून केलेला तो गडद लगदा, ज्याच्यावाचून नागोयाच्या माणसाला जेवल्यासारखे वाटत नाही. वाड्याच्या दारावर कंपनीच्या नावाची पितळी पाटी बसवण्यात आली.

उद्घाटन वसंतात झाले. कंपनीचे वयोवृद्ध अध्यक्ष स्वतः आले. उद्यानाचे व्यवस्थापक हायाशी-सान त्यांच्या मागे एका पावलाच्या अंतरावर चालत होते. मी नेहमीप्रमाणे दुष्काळाचे प्रात्यक्षिक करून दाखवले, म्हणजे ओढ्याचे पाणी अडवणारी फळी थोडी खाली सरकवली. पातळी उतरली आणि अध्यक्षांच्या नावाच्या पाटीखालचे कारंजे दोन आचके देऊन थांबले.

"खाजगी घराचे पाणी प्रथम बंद होते," मी म्हणालो. "कायदाच तसा आहे."

अध्यक्ष काहीही बोलले नाहीत. बराच वेळ त्या कोरड्या कारंज्याकडे पाहत राहिले, मग मान किंचित लववून निघून गेले.

या मौनाचा अर्थ हायाशी-सान यांनी लावला. इथे याला हवा वाचणे म्हणतात. समोरचा काय बोलला यापेक्षा काय बोलला नाही ते ओळखायचे आणि त्याने सांगण्यापूर्वी करून मोकळे व्हायचे. मला ही कला साध्य झालेली नाही. माझ्या मते जे लिहून दिलेले नाही, ते अस्तित्वात नाही.

दुसऱ्याच आठवड्यात हायाशी-सान माझ्या खोलीच्या दारात उभे राहिले. पन्नाशीचा सौम्य माणूस, अंगात कायम एक आकाराने मोठा कोट. त्यांनी दातांतून हवा आत ओढली. या देशात हा ध्वनी ऐकू आला की समजावे, अडचण आली आहे.

"आगाशे-सान, त्या वाड्याचे तोंड... जरा खाली घेता येईल का?"

"किती खाली?"

"म्हणजे, इतके की ते कधी बंद पडणार नाही."

"मग ते सार्वजनिक कारंज्याच्याही खाली जाईल. म्हणजे लोक तहानलेले आणि श्रीमंताच्या अंगणात तुषार. हे रोम नव्हे हायाशी-सान, ही लूट आहे."

"हो, हो. अगदी बरोबर. पण शरदात अध्यक्षमहोदय पुन्हा येण्याची शक्यता आहे. तेव्हा ते कोरडे दिसले तर, ते जरा..."

वाक्य तिथेच संपले. या देशात 'ते जरा' नंतर क्रियापद येत नाही. ते ऐकणाऱ्याने आपल्या घरून आणायचे असते.

"आणि मार्चमधले करार," ते जाता जाता म्हणाले, "ते फक्त माझ्या एकट्याच्या हातात नसतात, आगाशे-सान."

ही मी धमकी समजलो. प्रायोजकाने आपली पितळी पाटी पुढे करून रोमचा कायदा बदलायला लावला आहे आणि नकार दिला तर माझा करार जाईल, असा माझ्या मनाने तत्काळ निष्कर्ष काढला. साहजिकच मी पत्र लिहावयास बसलो.

पत्रलेखन हा माझा जुना व्यासंग आहे. कचऱ्याच्या वर्गीकरणाच्या सूचनापत्रकातील परस्परविरोधी तरतुदींवर मी आमच्या वॉर्ड कार्यालयाशी दीर्घ पत्रव्यवहार केला आहे. बाटलीच्या झाकणाविषयीचा मुद्दा त्यांना अखेर मान्य करावा लागला. परंतु जपानी पत्राची एक पंचाईत आहे. मराठी माणूस सा.न.वि.वि. लिहितो आणि लगेच भांडू शकतो. इथे आधी ऋतूची विचारपूस करावी लागते. मी ती गाळून मसुदा केला. पत्नीने, जिचे जपानी माझ्यापेक्षा शुद्ध आहे, तो वाचून परत केला.

"अहो, ही काय पद्धत झाली? आधी हवापाण्याचं लिहा."

"नलिनी, मी त्यांच्यावर कायदेभंगाचा आरोप करतो आहे."

"करा ना. पण नव्या पालवीनंतर करा. नाहीतर वाचणार नाहीत ते."

म्हणून माझे पत्र असे निघाले: 'कोवळ्या पालवीने डोंगर टवटवीत झाले असताना आपली प्रकृती उत्तम असेल अशी आशा आहे. आपण सुचवलेला बदल बेकायदेशीर, अनैतिक आणि जलशास्त्राच्या दृष्टीने हास्यास्पद आहे.' उत्तर आले की पावसाळा जवळ येत असून मी प्रकृतीची काळजी घ्यावी, आणि विषयावर सर्वंकष विचार केला जाईल. सर्वंकष विचार केला जाईल, याचा या भूमीत अर्थ 'नाही' असाच होतो. पण कशाला 'नाही', ते मला कळले नाही.

पाऊस त्या वर्षी तोंडदेखला पडून गेला. उन्हाळा कडक झाला आणि ओढा बारीक झाला. टाकीतील पातळी वरच्या तोंडाखाली उतरली. कायद्याप्रमाणे वाड्याचे कारंजे बंद पडायला हवे होते. ते नाचत होते. उलट सार्वजनिक कारंज्याच्या कुंडातले पाणी ओसरलेले दिसे.

मी टाकीच्या तोंडांची उंची मोजली. बरोबर. पुन्हा मोजली. तीच. नळ्या सोडवून आत पाहिले. वरच्या नळीत एक कोळी सुखाने राहत होता, म्हणजे तिथून पाण्याचा थेंबही जात नव्हता. तरी कारंजे नाचत होते. ज्या माणसाने कारकीर्द वाहत्या पाण्यावर काढली, त्याला खेळण्याएवढे कारंजे हसते आहे, हा प्रसंग मी शत्रूवरही आणू इच्छित नाही.

अशा मनःस्थितीत असताना एके रविवारी नागोयातील एक संगणक अभियंता आपल्या पुण्याहून आलेल्या आईंना घेऊन आला. बाई साठीच्या, पायांत बूट, त्यांवर नऊवारी नव्हे तर साधी सुती साडी, आणि नजर भाजी निवडणाऱ्या बाईची. मी उताराचे, टाकीचे, तीन तोंडांचे सांगितले. त्यांनी सगळे लक्ष देऊन ऐकले.

"आणि टँकर कुठून आत येतो?" त्यांनी विचारले.

"रोममध्ये टँकर नव्हता."

"मग पाणी कमी पडलं की काय करायचं? नगरसेवकाकडे जायचं का?"

"आई, प्लीज," मुलगा म्हणाला.

"तू गप रे. काका, तुम्ही म्हणता वरच्या घराचं पाणी आधी जातं. मग हे कसं उडतंय?" त्या वाड्याकडे वाकल्या, कुंडाकडे पाहिले, वाड्यामागच्या कुंडीतले झाड बोटाने बाजूला केले, आणि कोथरूडच्या सोसायटीत वर्षानुवर्षे वावरलेल्या माणसालाच शक्य असलेल्या सहजतेने म्हणाल्या, "अहो, लाइनला मोटर लावलीय की ह्यांनी!"

मी गुडघ्यांवर बसलो. झाडामागे बोटाएवढी पारदर्शक नळी होती. तिचे एक टोक सार्वजनिक कुंडात बुडालेले, दुसरे वाड्याच्या अंगणाखाली. मध्ये मुठीएवढा पंप, आणि त्याची वायर दगडांखालून शेजारच्या शीतपेयांच्या यंत्रापर्यंत गेलेली. लोकांच्या कारंज्यातील पाणी श्रीमंताच्या अंगणात.

"आमच्या समोरच्या विंगमध्ये अस्संच सापडलं होतं," बाई समाधानाने म्हणाल्या. "फक्त त्यांनी तुळशीमागे ठेवली होती."

त्या क्षणी मला क्रोध यायला हवा होता. आला तो निर्भेळ आनंद. रोममध्ये झालेला गुन्हा, त्याच पद्धतीने, माझ्या अधिकारक्षेत्रात! आणि पंपही ओळखीचा निघाला. हायाशी-सान यांच्या कार्यालयात सोनेरी माशांची काचेची टाकी आहे. तिच्यातले बुडबुडे काही दिवसांपासून बंद होते आणि मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडझाप करीत, हे मी पाहिले होते. हात हायाशी-सान यांचा होता. आदेश मात्र मिसोवाल्यांचा, याबद्दल माझी खात्री होती.

पुरावा हलवायचा नसतो. मी पंप काढला नाही. बाईंना आणि त्यांच्या मुलाला पंच करून रीतसर पंचनामा केला. बाईंनी मराठीत ठसठशीत सही केली. मग प्रदर्शनातील माहितीफलक लिहिणे हा माझ्या कामाचा भाग आहे, या तरतुदीचा आधार घेऊन मी वाड्यासमोर, कंपनीच्या पितळी पाटीच्या बरोबर खाली, जपानीत एक फलक लावला: 'अनधिकृत नळजोडणी. या घराच्या मालकाने सार्वजनिक कारंज्यातील पाणी चोरून आपल्या अंगणात वळवले आहे. प्राचीन रोममध्ये हा दंडनीय अपराध होता. नळी शोधा.'

माझ्या कोणत्याही लेखनाला असा वाचकवर्ग लाभला नव्हता. शाळांच्या सहली कमानींकडे पाठ फिरवून थेट वाड्याकडे धावू लागल्या. 'चोर! चोर!' असा घोष दुपारभर चाले. हायाशी-सान आले, फलक वाचला, दातांतून इतकी हवा ओढली की मला त्यांची चिंता वाटली, आणि परत गेले. फलक काढायचा तर पंप कबूल करावा लागेल. पंप काढायचा तर फलक खरा ठरेल. मी माझ्या मसुद्यावर बेहद्द खूश होतो.

शरद आला. एका सकाळी उद्यानाच्या दारात काळी मोटार थांबली आणि तीन काळे सूट उतरले. मध्ये अध्यक्ष. डाव्या बाजूच्या तरुणाच्या हातात रेशमी रुमालात बांधलेला खोका. हायाशी-सान धावत आले ते अर्ध्या वाटेतच थिजले. मी मनात माझा बचाव जुळवू लागलो: फलकाचे अधिकार, पंचनामा, मुख्य साक्षीदार सध्या पुण्यात.

तिघे माझ्यासमोर ओळीत उभे राहिले आणि कमरेतून वाकले. पूर्ण काटकोनात. वाकूनच राहिले.

"आमच्या घराकडून सार्वजनिक पाण्याची चोरी झाली," अध्यक्ष जमिनीकडे पाहत म्हणाले. "माझ्या नातीने शाळेच्या सहलीहून येऊन सांगितले. रोमच्या नागरिकांना झालेल्या त्रासाबद्दल कंपनीच्या वतीने मनःपूर्वक क्षमा मागतो."

वाचकहो, मी आयुष्यात रेल्वेपासून पेन्शन कार्यालयापर्यंत अनेकांना जाब विचारला आहे. कोणीही, कधीही, वाकले नव्हते.

"कृपया वर पाहा," मी कसाबसा म्हणालो. "पण हे तर तुमच्याच आदेशाने..."

"माझ्या?" ते सरळ झाले. त्यांच्या चेहऱ्यावर शुद्ध आश्चर्य होते. "मी कसा आदेश देईन? वसंतात तुम्ही ते कारंजे बंद पाडून दाखवलेत, तेव्हा मला बोलवेना. पैसेवाल्याचे पाणी आधी जाते, असे यंत्र! कारखान्याच्या सकाळच्या सभेत मी कामगारांना दोनदा ती गोष्ट सांगितली आहे. माझे कारंजे कोरडे पाहायला मी आज पाहुणे आणणार होतो."

म्हणजे कोणी काही मागितलेच नव्हते. एक म्हातारा भारावून गप्प राहिला, दुसऱ्याने त्या गप्पपणात नाराजी वाचली आणि आपल्या माशांचा श्वास काढून तिच्यावर उपाय केला, आणि तिसरा, म्हणजे मी, वसंतापासून एका निरपराध माणसावर मनातल्या मनात खटला चालवीत होतो.

"कंपनीत चौकशी सुरू आहे," अध्यक्ष म्हणाले. "आमच्यापैकी कोणी केले असेल तर त्याला कामावर राहता येणार नाही. नगराध्यक्षांनाही मी आजच भेटणार आहे. आगाशे-सान, पंप कोणी लावला, आपल्याला माहीत आहे का?"

त्यांच्या खांद्यापलीकडे हायाशी-सान उभे होते. त्या मोठ्या कोटात ते आणखी लहान दिसत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. ते वाड्यामागच्या कुंडीकडे पाहत होते. त्यांना विद्यापीठात शिकणाऱ्या दोन मुली आहेत, हे मला एरवी आठवण्याचे कारण नव्हते.

सत्य सांगणे माझे कर्तव्य होते. मी घसा साफ केला.

"रोमच्या जुन्या कायद्यात," मी म्हणालो, "चोरीच्या सार्वजनिक पाण्यावर भिजवलेली जमीन सरकारजमा होत असे. दंड जमिनीला. भोक कोणी पाडले, याची विचारणा होत नसे. त्यामुळे नाव सांगण्याचा प्रश्न या न्यायासनासमोर उपस्थित होत नाही. वाडा जप्त करण्यात येत आहे."

अध्यक्षांनी क्षणभर विचार केला. त्या वयाच्या माणसाचे डोळे पटकन हसतात. "योग्य शिक्षा आहे," ते म्हणाले आणि पुन्हा वाकले. "मग ती पाटी काढावी लागेल."

"तत्काळ."

पाटी काढण्यासाठी स्क्रूड्रायव्हर आणायला हायाशी-सान स्वतः गेले. ते स्क्रू फिरवू लागले तशी अध्यक्षांनीच पाटी खालून धरली. दोघांनी मिळून ती उतरवली. पंप त्याच दुपारी माशांकडे परत गेला. वाडा आता सार्वजनिक मालमत्ता आहे. त्याच्या अंगणात मुले पाणी पितात. पाणी घटले की तो अजूनही सर्वांत आधी कोरडा पडतो, आणि अध्यक्ष दर उन्हाळ्यात पाहुणे घेऊन ते पाहायला येतात.

मार्चमध्ये माझा करार नव्याने झाला. त्यात एक नवे कलम होते: रक्षकाने कोणताही फलक व्यवस्थापकांच्या लेखी परवानगीशिवाय लावू नये. कलमाचा मसुदा ढिसाळ आहे आणि त्यात पळवाट आहे. ती कोणती, हे मी इथे उघड करणार नाही. सही मात्र केली.

काळी मोटार गेल्यावर त्या दिवशी हायाशी-सान आणि मी माझ्या खोलीत बसलो. रुमालातल्या खोक्यात गोड बीन्सच्या घट्ट वड्या होत्या, इथे क्षमायाचनेला नेतात तशा, जड आणि महागड्या. त्यांनी चहा केला. एक घोट घेतला. मग त्यांनी कप खाली ठेवला.

"आगाशे-सान, तो कायदा... खरा आहे का?"

"मी कायदे रचत नाही. जमीन जप्त होत असे. पूर्णपणे खरे आहे."

"आणि भोक कोणी पाडले ते विचारत नसत, तो भाग?"

मी एक वडी कापली, मोठा तुकडा त्यांच्या बशीत ठेवला.

"तिथे थोडा अर्थ लावावा लागतो," मी म्हणालो. "खा."